पागोट्याशी काडीमोड

सासूबाई, हे नातं तुम्हीच पंचांसमोर मोडलंत, पण तुम्हाला दुसऱ्या नावानं हाक मारणं मला कधी जमलं नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे. कोरा कागद वाया घालवलेला तुम्हालाही आवडला नसता.

तुमचा मुलगा तेल्हाऱ्याच्या जत्रेत आलेल्या तंबूतल्या सिनेमामागे गेला, तो गेलाच. सिनेमावाल्यांसारखी टोपी घालायची म्हणून पागोटं खुंटीला ठेवून गेला. कोणी म्हणे भुसावळला दिसला, कोणी म्हणे खांडव्याला. तुम्ही दर सोमवारी महादेवापुढे गाऱ्हाणं घालायचात आणि येताना देवालाच दटावून यायचात. पुढे काही वर्षांनी अमरावतीच्या एका बिजवर मास्तरांनी माझ्या माहेरी पाटाच्या लग्नासाठी विचारलं. भाऊ निरोप घेऊन आला तेव्हा मी चुलीपुढून मान वर केली नाही. तुम्हीच म्हणालात, "पोरगी देऊ. पयले तिले मोकयी तं करू द्या."

मग आपण दोघी अकोल्याला वकिलाकडे गेलो. 'माही सून मॅट्रिक हाये' हे त्यांना बसायच्या आधीच सांगून झालं. वकील म्हणाले, "बाई, हिंदूंना कोर्टात घटस्फोट नाही. पण सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर माणूस मेला असं धरता येतं. मग ही विधवा, पाट लावायला मोकळी." तुम्ही उठून उभ्या राहिलात. "माहा पोरगा जिता हाये. नालायक हाये, पन जिता हाये. त्याले माराची माही सही भेटनार नाही." तिथून स्टेशनापर्यंत तुम्ही माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिलात. आता सगळं संपलं, असं मी धरून चालले होते.

आणि आठवड्यानं तुम्ही जातीच्या रिवाजानं काडीमोड करायला पंच बसवलेत. मारुतीच्या पारावर जाजम अंथरलं आहे, मी खांबाआड उभी आहे. थोरले पंच म्हणतात, काडी नवऱ्यानं मोडायची असते, नवरा कुठे आहे? तुम्ही पदराखालून पागोटं काढता आणि तांब्यावर नीट बसवता. इतकं हुबेहूब, की उशिरा आलेले एक पंच त्याला "राम राम, पाव्हने" म्हणून शेजारी टेकतात. हसू दाबताना माझा पदर दातात.

"पागोटं कसं काडी मोडीन, बुढे?" थोरल्यांनी विचारलं.

"काहून? नवरदेव हजर नसला तं देशमुखाच्या घरी खांड्यासंग लगन लावता ना? त्या तलवारीले कोनते पाय असतात फेरे घ्याले?"

पंच आपसात कुजबुजले. शेवटी ठरलं, की एक हात पागोट्यावर ठेवून आईनं काडी मोडावी. त्यांनी दिलेली काडी कपाशीची ओली पऱ्हाटी निघाली. वाकली, पिळली, पण तुटेना. एक जण पुटपुटला, "देवाच्याच मनात नाही."

"देवाले काहून मधात घेता? तुमच्या काडीतच दम नाही," असं म्हणून तुम्ही शेजारच्या कुडातून वाळकी तुराटी उपसलीत. मग मात्र थांबलात. पागोट्याकडे बघून हळूच म्हणालात, "आता तरी ये नं बापा." पारावरच्या माना वळल्या. मीही रस्त्याकडे पाहिलं. कोणी आलं नाही. तुम्ही काडी मोडलीत.

घरी आल्यावर मी सवयीनं चुलीकडे वळले, तर तुम्ही दंड धरून मला पाटावर बसवलंत. "पाहुनी हायेस आता. जेव." भाकरी वाढताना तुमचा आवाज नेहमीचाच होता, खणखणीत.

तुम्ही गेलात तेव्हाही तुमचा मुलगा आला नाही. काडी मोडलेल्या सुनेला तुमच्या नावानं पान वाढायचा हक्क नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दर पितृपक्षात एक पान जास्तीचं निघतं. आमच्या मास्तरांना मी ते गाईचं म्हणून सांगते.