कॅप्टनला सिनेमे दाखवल्याबद्दल

भिसेगाव, कर्जत
भाऊबीज उलटून गेल्यावर

प्रिय योगेंद्रदादा,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत चांगली असेल असं गृहीत धरते, कारण रोज सकाळी तू कुटुंबाच्या ग्रुपवर जिममधला आरसा पाठवतोस. वहिनीला नमस्कार. आईचे तुम्हा दोघांना आशीर्वाद (तू वेळेवर जेवतोस का, असंही तिने विचारायला सांगितलं आहे, विचारलं असं समज). मी बरी आहे. कुंभिवलीच्या कारखान्यात दाबमापकं तपासण्याचं माझं काम चालू आहे. कोणता काटा खरं सांगतो आणि कोणता भाव खातो हे ओळखायचं, एवढंच ते काम. त्यामुळे नातेवाइकांचे निरोप वाचणंही मला फारसं जड जात नाही.

तुझा निरोप पोचला. जर्मनीचं पक्कं झालं, तिकडे कॅप्टनला नेता येत नाही, आणि खालापूरकडच्या एका फार्महाऊसवाल्या शेठने त्याला राखणीचा कुत्रा म्हणून घ्यायचं कबूल केलं आहे. रविवारी तू येशील, त्याला इथून उचलशील आणि तिकडे पोचवशील. माझी हरकत नाही. गणपतीत "चार दिवस ठेव गं" म्हणून तू त्याला आमच्या दारात उतरवलंस तेव्हाही माझी हरकत नव्हती (विचारलीच नव्हतीस). त्याच्याबरोबर एक गादी, एक रेनकोट, तीन प्रकारचे कंगवे आणि त्याचा पाणी प्यायचा कारंजा उतरला होता. गादी बघून आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "पाहुणे किती येणारेत?"

आमच्याकडे कोणतंही यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात देताना ते कसं चालतं आणि कुठे अडतं, हे लिहून द्यायची पद्धत आहे. म्हणून हे पत्र. त्यात भावना शोधू नकोस, वेळ जाईल.

सुरुवात तू पाठवलेल्या त्या लेखापासून करते. "सणाच्या सुट्टीत कुत्र्यासोबत बघण्यासारखे सिनेमे." खाली तू लिहिलं होतंस की दिवाळीत फटाक्यांनी कॅप्टन घाबरतो, त्याला सिनेमा लावून दिला की शांत बसतो, पुण्यात आम्ही हेच करतो. लेख मी दोनदा वाचला. मंद दिवे लावा, उबदार पांघरूण घ्या, बिनमिठाच्या लाह्या ठेवा आणि सिनेमा शक्यतो कुत्र्याला निवडू द्या, असं त्यात आहे. कॅप्टनला मी रिमोट दाखवला. त्याने तो चाटला. त्यातून जो सिनेमा लागला तो आम्ही पाहिला. निवड त्याची होती, याची नोंद घ्यावी.

तर धनत्रयोदशीला बर्फातला परदेशी सिनेमा लागला. एका कुटुंबाचा कुत्रा सणाच्या दिवशी हरवतो आणि सणाच्याच दिवशी सापडतो (मधल्या काळात सगळेजण स्वेटर बदलतात). आई सुरुवातीला लांबच्या खुर्चीत होती. मग सिनेमातल्या घरात एक अख्खं झाड आणून उभं केलं, तेव्हा "हा कचरा काढणार कोण?" असं म्हणत ती खाली सतरंजीवर आली, ती परत खुर्चीत गेलीच नाही. अडचण एवढीच की त्या सिनेमात दर थोड्या वेळाने दाराची घंटा वाजते, आणि ती हुबेहूब आपल्या घंटेसारखी आहे. पहिल्या घंटेला आई दार उघडून आली. दुसरीला मी उघडून आले. त्यानंतर घंटा वाजली की ती सिनेमातली, असं आम्ही एकमताने ठरवलं. शेजारच्या धोंडूबाई फराळाचं ताट घेऊन बाहेर उभ्या होत्या. त्यांनी बरीच वाट पाहिली असावी, कारण शेवटी त्या मागच्या दाराने आल्या आणि ताट ओट्यावर जरा जोरात ठेवून आईला म्हणाल्या, "वयनी, घरात हसताय, बोलताय, नि दार तेवडं उघडत नाय. माजं काय चुकलं असंल तर तोंडावर सांगा." समजूत काढायला आईने त्यांना सतरंजीवर बसवलं. हरवलेला कुत्रा सापडला तेव्हा सर्वांत मोठ्याने त्याच रडल्या. पत्राच्या विषयाशी संबंधित मुद्दा असा, की एक बाई पुढून घंटा वाजवून, मागून आत शिरून, स्वयंपाकघर ओलांडून आली आणि राखणीसाठी नेमलेला तुझा कॅप्टन तोवर माझ्या पायावर झोपला होता.

दुसरा प्रयोग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. त्या दिवशी गल्लीत आवाज जास्त असणार म्हणून मी नाक्यावरच्या झहीरकडून, हळदीच्या कार्यक्रमांना भाड्याने जातो तो मोठा स्पीकर आणला. झहीर म्हणाला, "घेऊन जा, समिधादीदी. बाहेर बॉम्ब फुटला तरी कळणार नाही." ते खरं निघालं. बाहेरचे बॉम्ब कळले नाहीत. मात्र लेखात "संपूर्ण कुटुंबासाठी, दिवाळीच्या पार्श्वभूमीवर" म्हणून शिफारस केलेल्या त्या हिंदी सिनेमात रुसलेला बाप आणि मुलगा अंगणात एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि त्या आनंदात सगळं गाव एकदम फटाके लावतं. फटाक्यांना घाबरणाऱ्या प्राण्याला शांत करण्यासाठी दिवाळीचा सिनेमा दाखवायचा, हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते मला कळलं तर बरं होईल. त्या माणसाला मी आमच्या बॉयलरजवळ येऊ देणार नाही. स्पीकर कॅप्टनच्या मागेच होता. आधी स्पीकर आडवा झाला, मग कॅप्टन देवघरात शिरला आणि पूजा मांडलेल्या चौरंगाखाली जाऊन बसला. तो थरथरत होता, म्हणून चौरंग थरथरत होता, म्हणून वरचं सगळंच. लक्ष्मी चंचल असते असं ऐकलं होतं. चौरंगासकट हलताना प्रथमच पाहिली.

आता आईचा नियम तुला माहीत आहे. कुत्रा बाहेरच्या खोलीत, उंबऱ्याच्या आत नाही, देवघराचं तर नावच नको. मी त्याला ओढायला वाकले, तर आई म्हणाली, "राहू दे. दत्ताच्या पायाशी चार बसतात, त्यांना कोणी उठवतं का?" आणि एका हाताने चौरंग दाबून धरून तिने दुसऱ्या हाताने पूजा पुरी केली. नंतर लाह्या-बत्ताशांचा प्रसाद तिने सर्वांत आधी चौरंगाखाली दिला. (मला तिसऱ्या क्रमांकावर मिळाला. तक्रार नाही, नोंद आहे.)

तिसरा सिनेमा मराठी होता आणि तो पाडव्याला मी स्वतः निवडला. फटाके नाहीत, घंटा नाही, एका चाळीतला गणेशोत्सव, मध्यम आवाज. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यात आरती सुरू झाली. आई उठून उभी राहिली. धोंडूबाई (आता त्या रोज येतात) पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. आरती चालू असताना बसायचं नाही, ती मांडवातली असो की टीव्हीतली, हे या घरात लिहून न ठेवताही लागू आहे. मी विज्ञान शाखेची असल्याने थोडा वेळ बसून पाहिलं. मग आईने माझ्याकडे पाहिलं. मग मीही उभी राहिले, टाळ्या वाजवल्या, आणि एका कंपनीने पैसे घेऊन दाखवलेल्या गणपतीपुढे आम्ही तिघी पूर्ण कडव्यांसकट आरती म्हणालो.

कॅप्टनही उभा राहिला. तो आमच्याकडे गणपतीत आला, हे लक्षात घे. आरती संपली की हातावर पेढा पडतो आणि हातावरचा थोडा खाली पडतो, एवढं तो त्या दिवसांत पक्कं शिकला होता. आरती संपली. पेढा पडला नाही. सिनेमातली माणसं सरळ पुढच्या भांडणाला लागली. त्याने पडद्याकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं आणि आमच्या घरात आल्यापासून प्रथमच भुंकला. धोंडूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. देवाचं नाव घेतलं नि परसाद नाय, असं कुटं असतंय?" आईने सिनेमा थांबवायला लावला. करंजीचे तुकडे वाटले गेले. तेव्हापासून हा सिनेमा आमच्याकडे रोज लागतो, आरतीपर्यंतच. त्या चाळीतल्या भांडणाचं पुढे काय झालं हे आम्हाला माहीत नाही, आणि माझ्याशिवाय कोणाला जाणून घ्यायचंही नाही. कॅप्टनचं वजन वाढलं आहे.

एक तांत्रिक निरीक्षण. एका संध्याकाळी आरतीच्या आधीच वीज गेली. बाहेर माळा फुटत होत्या, टीव्ही बंद, स्पीकर बंद, आणि आम्ही तिघी अंधारात सतरंजीवर तशाच बसून राहिलो, कारण उठून करणार काय. कॅप्टन थरथरला नाही. यावरून असं दिसतं की सिनेमा हा भाग गौण आहे. पुण्यात तुम्ही नुसता सिनेमा लावून देत होता की शेजारी बसतही होता, हे तू लिहिलेलं नाहीस.

आता मुख्य बाब. काल खालापूरहून त्या शेठचा माणूस, गजा, कुत्रा बघायला आला. दार उघडंच होतं (घंटेवर आमचा विश्वास राहिलेला नाही). तो थेट आत आला, सिनेमा चालू बघून एका कडेला बसला, आणि कॅप्टनने त्याच्या बुटावर डोकं टेकवलं. थोड्या वेळाने आरती लागली. गजाने टोपी काढली आणि उभा राहिला. प्रसाद कॅप्टनने त्याच्याच हातून घेतला. मग गजा मला म्हणाला, "ताई, कुत्रा देखना हाय, पन राखनीचा नाय वो. चोर आला तर याला आरती म्हनून दाखवंल, परसाद दील, नि कपाट घेऊन जाईल. यो वर शेपटी हलवंल."

मी विचारलं, मग शेठला काय सांगणार.

"शेटला जरब पायजे. पन घेनार तो, त्याचं ठरलंय. गेटाला साकळीवर ठेवला, खानं जरा कमी केलं, का दोन म्हयन्यांत कडक होतो. आदीचा पन तसाच केला व्हता."

आधीचा कुठे आहे, हे मी विचारलं. गजाने टोपी घातली. आई उठून आत गेली. मग मी राहायची जागा विचारली. गेटजवळ पत्र्याची शेड आहे. शनिवार-रविवारी फार्महाऊस लग्नांना भाड्याने जातं, वरात गेटावरच उतरते, आणि फटाके लावायची जागाही तीच ठरवून दिलेली आहे, म्हणजे हिरवळ खराब होत नाही. हे मी फक्त नोंदवते आहे. ठिकाणाची पाहणी तू केलीच असशील.

तर रविवारी ये. गादी, रेनकोट, कंगवे बांधून ठेवले आहेत. कारंजा आईने तुळशीजवळ लावला आहे, तो सोडवून द्यायला वेळ लागेल. कुत्र्याचा लळा लागतो म्हणतात. मला त्याची मोजता येण्यासारखी लक्षणं दिसलेली नाहीत. आमच्या घराला कुत्र्याची गरज नाही, मी दिवसभर कारखान्यात असते, आईचे गुडघे दुखतात, आणि सोफ्यावरचे केस निघत नाहीत. जर्मनीत थंडी असेल, कानटोपी ने. बाकी सर्व कुशल.

तुझी बहीण,
समिधा

ता. क. गजाने आज सकाळी फोन केला होता. कुत्रा चावरा आहे, घरच्यांनाही सोडत नाही, असं त्याने शेठला परस्पर सांगून टाकलं. मी त्याला असं काही सांगायला सांगितलं नव्हतं. काल तो निघताना आईने त्याच्या हातात चिवड्याचा डबा दिला होता, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही ते मी विचारलेलं नाही. शेठ आता दुसरा कुत्रा बघतो आहे. पण मालक तू आहेस, आणि तुझ्या यादीत आणखीही शेठ असतील, म्हणून पुढचं लिहिते.

ता. क. २. आपली भाऊबीज राहिली आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत चालते, असं आई म्हणते. रविवारी पाट मांडते. यंदा साडी नको, पाकीट नको, मागच्या वर्षीसारखं चांदीचं नाणंही नको. ताटात कॅप्टन घाल. म्हणजे प्रत्यक्ष नको, तो तबकातला लाडू खाईल. तोंडी सांगितलंस तरी चालेल. दिलेली ओवाळणी भाऊ परत मागत नाही, हेही आईनेच सांगितलं आहे.

ता. क. ३. वर लिहिलेल्यापैकी कारखाना, गुडघे आणि केस या तीन गोष्टी खऱ्या आहेत. लळ्याच्या लक्षणांबद्दलचं वाक्य तपासून पाहिलं, ते बरोबर नाही. उत्तराला अंगठ्याचं चित्र पाठवू नकोस, त्याचा अर्थ मला नक्की लावता येत नाही. "हो" असेल तर मला कळव. "नाही" असेल तर आईला फोन कर, आणि मी कामावर असताना कर.