कोणालाच न लागणारे भाग

सोमवार, २ तारीख
पोहोचले एकदाची. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, बॅग माझी आणि गुडघेही माझेच. पण खिडकी मोठी आहे, ऊन भरपूर, आणि कित्येक वर्षांनी ‘माझा दुसरा मोजा कुठाय’ असं विचारणारं घरात कोणी नाही. लेकीला, चिमणीला, आईकडे ठेवलंय. फोनवर तिने पहिलाच प्रश्न टाकला, काम कधी संपणार. म्हटलं, तुझी सुट्टी लागायच्या आत. संपलं की त्याच दिवशी निघणार.

काम म्हणजे एक अवाढव्य कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम. त्याच्या हजारो फायली कुठल्या क्रमाने बांधायच्या, कोण कोणावर अवलंबून, याचा नुसता गुंता झालाय, आणि तो सोडवायला मला बोलावलंय. आजचा कंपायलर बांधायला कालचाच कंपायलर लागतो, त्यामुळे कोणी धड हात लावायला धजत नाही.

शेजारी शालवाले काका बसतात. एसीच्या धाकाने बारा महिने शाल. इथले सगळ्यांत जुने. मला पेपरमिंट दिली आणि म्हणाले की जरा जपून, इथे प्रत्येक गोष्ट कशाला तरी धरून उभी आहे. गोड माणूस.

बुधवार, ११ तारीख
मान धरलीय. पण नियम बसवला: ज्या भागावर दुसरं काहीच अवलंबून नाही, तो बांधायचा नाही, सरळ काढून टाकायचा. रोज सकाळी आपोआप. कंपायलरच्या जुन्या पिढ्या, म्हणजे आधीच्या आवृत्त्या, जागा अडवून बसल्या होत्या, त्याही पुसल्या. कालची आणि आजची तेवढी ठेवली. साहेब खूश.

पहिल्याच झटक्यात काकांचा भाग गेला. आता कोणाकडेच नसलेल्या यंत्रांसाठी त्यांनी तो लिहिला होता. ते बराच वेळ शाल नीट करत बसले. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून बांधणी लवकर होत नाही.

संध्याकाळी आईचा फोन. गिझर बिघडलाय, चिमणीचा दात हलतोय, शाळेने सही मागितलीय. सगळ्यांना मीच लागते. आठवडाभर तरी कोणालाच लागू नये असं वाटलं. थकलेय, म्हणून लिहून टाकलं.

गुरुवार, १२ तारीख
काका आले नाहीत. साहेबांना विचारलं तर म्हणाले की त्या खुर्चीवर कधी कोणी बसतच नव्हतं. चेष्टा समजून मी हसले. ते हसले नाहीत, मला विश्रांती घ्या म्हणाले. शाल खुर्चीवरच होती. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, कोणीतरी विसरलेलं दिसतंय, आणि फरशी पुसायला घेऊन गेल्या.

सोमवार, १६ तारीख
आज कुरळीची खुर्ची रिकामी. समोर बसणारी कुरळ्या केसांची पोरगी, रोज माझ्या चहात साखर जास्त टाकायची. कोणाला आठवत नाही. सकाळच्या बांधणीत गाळलेला भाग पाहिला. तिचाच.

आता कळलं. भाग गाळला की तो लिहिणारं माणूसही गळतं.

काकांच्या भागाची प्रत माझ्याकडे होती, ती परत ठेवली. बांधली जाईना. काकांनी तो स्वतःच्याच एका बोलीत लिहिलाय, आणि ती बोली कळायला तो भाग पोटात असलेलाच कंपायलर लागतो. तसल्या साऱ्या पिढ्या मी पुसल्या. मीच. जागेसाठी.

नियमही पुसला.

मंगळवार, १७ तारीख
नियम परत आलाय. कालच्या कंपायलरने आजच्यात घातला असावा. पुन्हा पुसला. साहेबांना सांगायला गेले तर केबिनमध्ये झाडांच्या कुंड्या. ही पहिल्यापासून कुंड्यांचीच खोली, असं सगळे म्हणतात.

बुधवार, १८ तारीख
परत आला. पुसला. निघून जाऊ का? गेले तर इथे तो पुसणारंही कोणी—

अवलंबनाचा नकाशा काढला. अगदी वर एकच फाईल. बांधणीची. माझी. ती सगळ्यांवर टेकलेली, तिच्यावर मात्र कोणीच नाही. सगळ्यांचा विचार केला, स्वतःचीच विसरले. उद्या सकाळी—

कशाला तरी तिच्यावर टेकवायला हवं. काहीही. एक भाग पुरे.

गुरुवार, १९ तारीख
नाही जमलं. जोडलं की सुटतं.

बांधणी पूर्ण, असं आलंय पडद्यावर. एकही चूक नाही.

माझ्या खुर्चीवर कोणीतरी बॅग ठेवली. मी बसलेली असताना—

आईला फोन केला. गिझर झाला का विचारलं. आई मला ‘तुम्ही’ म्हणाली. कोण हवंय तुम्हाला, म्हणाली. किती प्रेमाने बोलली, परक्याशी बोलते तशी.

परत लावला. चिमणीने उचलला. तिचा आवाज, दात पडलाय, फुसफुसत येतोय. आजीला ओरडून सांगितलं की कोणी बाई आहेत, नुसत्या रडतायत. ठेवू नकोस गं. फोन कानाशी धरूनच लिहितेय, शाई उमटत नाहीये नीट. चिमणे, काम संपलं बघ, आजच निघतेय, मी तुझी—