शेवटचं न्हाणं

मात्सुयामा, १२ डिसेंबर

चि. तेत्सुयास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. ठीक काही नाही.

बाबांना टॅब्लेटवर चित्रं काढायचा नाद लागलाय. शिकवतात त्यांच्या हायकू मंडळातल्या ओचीबाई. विधवा आणि गोडबोल्या. मी चहा घेऊन गेले की बाबा टॅब्लेट पालथा घालतात. या वयात काय लपवायचं असतं रे?

म्हणून काल त्यांच्याबरोबर बैठकीला गेले. तू कधी फिरकला नाहीस म्हणून सांगते. ज्याने त्याने आपला हायकू चिठ्ठीवर लिहून द्यायचा; चिठ्ठीवर नाव नसतं. दुसऱ्याच कुणी ती उतरवतं, म्हणजे अक्षरही कळू नये. मग आवडतील त्या ओळी निवडायच्या. त्या वाचल्या की कवीने आपलं नाव पुकारायचं. काल त्यांत हे होतं:

शेवटचं न्हाणं माझं –
संत्र्याच्या सालींत
चौघांची ऊब.

आपल्या घरचं एकाच टबातलं पाणी: आधी आजी, बाबा, तू, मी, आणि सगळ्यांमागून आई! त्या पाण्यातल्या सालीही तिच्याच. सगळ्यांनी वाहवा केली, पण नाव कुणीच पुकारलं नाही. ओचीबाई मान खाली घालून बसल्या. म्हणजे बाबांनी घरातलं सगळं सांगितलं, आणि ही बया आईच्या जागी जाऊन बसली! पुढच्या बैठकीत सर्वांदेखत विचारणार, आणि बाबांचं जाणं बंद.

तुझी ताई, मित्सुए

सेंदाई, १८ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि. लहानपणी खाऊ कुणी खाल्ला ते शोधायला तू माझी जीभ बघायचीस. फौजदारकी अजून सुटली नाही तर!

संशय मलाही आहे, पण तुझ्यावर. त्या ओळी तुलाच आवडल्या असणार, म्हणून एवढी चिडलीस. आई गेल्यापासून बाबा हौसेने घराबाहेर पडतात ते त्या बैठकीपुरते. तेही तोडलंस तर त्यांना उरलं काय? आधी घरात विचार.

माया पातळ होऊ देऊ नकोस. तुझा तेत्सुया

मात्सुयामा, १६ जानेवारी

चि. तेत्सुयास आशीर्वाद. घरात विचारायला धीर झाला नाही; चारचौघांत मात्र झाला.

या वेळी मीही निवडायला बसले होते. एकच निवडलं:

रुसलेली लेक;
दाराबाहेर बशीत
सोललेलं संत्रं.

वाचून झालं, पुन्हा कुणी नाव पुकारेना. मी उठले आणि ओचीबाईंना म्हटलं, दुसऱ्याच्या घरातलं उचलता, मग नाव सांगायला कसली लाज? बाबाच हळूच म्हणाले, तोमिए.

आईचं नाव, तेत्सुया.

ती न्हाताना ओळी जुळवायची. बाबा बाहेर बंबात लाकडं सारत ऐकायचे. तिने कधी लिहिल्या नाहीत; त्यांना पाठ आहेत, त्याच बैठकीत दिल्या. म्हणाले, स्वतःचं नाव लावता येईना आणि तिचं पुकारायला आवाज फुटेना. टॅब्लेटवर तिचाच चेहरा आहे. नाक जमत नाही म्हणून दाखवत नव्हते. ओचीबाईंना सगळं ठाऊक होतं. मी त्यांची माफी मागितली, तर त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला.

निवडणाऱ्याने का निवडलं तेही सांगायचं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझं दार, माझं रुसणं, आणि आईचा आवाज मी ओळखलाच नव्हता. आवडलं, एवढंच बोलता आलं मला.

बाबांना आता मीच बैठकीला नेणार. संत्री पाठवलीत. साली टाकू नकोस, पाण्यात घाल.

तुझी ताई, मित्सुए