उजेड कामून वाकतो

पुणे, १९ ऑगस्ट १९९९

ती. मंगलअक्कास,
सुगतचा सप्रेम जय भीम. वि. वि. मी इथं काय शिकायलोय ते आईला कळंल असं लिही, पण इंग्रजी शब्द नको नि पुस्तकी मराठीही नको, अशी अट घालून तू माझी चांगलीच फजिती केलीस बघ. कागदावर कागद फाडले. गुरुत्वाकर्षण असं लिहिलं की आई हात वर करून तुझं वाचन थांबवणार, हे इथून दिसायलंय मला.

तर सांग तिला. सूर्य लई जड. जे जड असतं ते आजूबाजूचं सगळं आपल्याकडं खेचतं. उजेडाला वजन न्हाई, तरी लांबच्या चांदणीचा उजेड सूर्याच्या अंगाला लागून जाताना जरासा त्याच्याकडं वाकतो नि मग पुढं जातो. ग्रहणात सूर्य पुरता झाकला की ते बघता येतं. एवढंच शिकायला घर सोडलं मी!

मागल्या आठवड्यात कामासाठी हैदराबादला जाऊन आलो. आईच्या गुडघ्याचं कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा सुगत

मेहकर, ता. भालकी, २ सप्टेंबर

चि. सुगतास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि. शाब्बास रे पठ्ठ्या, आईनं एकदाबी हात वर केला न्हाई. गुडघा तसाच हाय, तरी तूर खुरपायला जायचं सोडत न्हाई.

मग तिनं विचारलं, हैदराबादच्या वाटेवर आपल्या गावाकडं वळायचं हुमनाबाद लागतंय न्हवं? मी व्हय म्हणले. आता ती म्हणायलीय, बिनवजनाचा उजेड सूर्याजवळनं जाताना वाकतो, मग माझं लेकरू हुमनाबादवरनं सरळ कामून गेलं? दोन वर्सं झाली तुला बघून. उत्तर त्याच अटीत लिही म्हणलीय. जीव हाय म्हणून विचारलं, राग धरू नको.
तुझी अक्का

पुणे, १० सप्टेंबर

ती. आईस,
सुगतचा जय भीम. वि. वि. अक्का, हे जसंच्या तसं वाच. आई, हुमनाबादला बस चहाला थांबली. पलीकडं भालकीची गाडी लागली होती, कंडक्टर हाळी द्यायलता. मी पिशवी घेऊन उतरलो बी, तिच्या पायरीवर पाय ठेवला नि माघारी फिरलो.

काही तारे इतके जड असतात, की उजेड फार जवळ गेला तर नुसता वाकत न्हाई, आतच पडतो. पुन्हा बाहेर निघत न्हाई. मला तुझं भ्या वाटलं, आई. लई आठवण यायलती. तुझ्यापुढं जेवायला बसलो असतो तर उठून पुण्याला आलोच नसतो.

येत्या पंधरवड्यात येतो. पण जायच्या दिवशी रडू नकोस, तूच मला हाताला धरून बशीत बसवून दे. माझ्यानं निघवणार न्हाई.
तुझाच,
सुगत