माझीच शाळा पाडताना

प्रिय ताई,

काल फोनवर तुला 'नवं काम मिळालं' एवढंच सांगितलं. खरी गोष्ट अशी की, या परक्या देशात आर्किटेक्ट म्हणून मी बांधलेली पहिली शाळा आता पाडणार आहेत. साहेबांनी विचारलं, "नव्या शाळेचे नकाशे कोण काढणार?" तर माझाच हात वर गेला! दुसऱ्याने काढलेले सोसवले नसते, की मलाच हाव सुटली? पायावर धोंडा पाडून घेतला की नशीब उघडलं, काही उमगत नाही.

आज शाळा सुटताना तिथे गेलो. मी मुद्दाम गुळगुळीत ठेवलेल्या कठड्यावरून पोरं घसरत होती. शिपायाने विचारलं, "कुणाला न्यायला आलात?"

"कुणाला नाही," म्हणालो, आणि फाटक बंद होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

तू तिकडे सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली असशील, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझा गोंधळलेला,
धाकटा