पंचनामा होईपर्यंत

ता. सेलू, जि. वर्धा
दि. १९ जानेवारी २००४

आदरणीय प्रभाकरराव यांस,
मधुकरचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. थंडी अजून हटत नाही. तुम्ही दोघं कराडहून येणार म्हणून आमच्या सुलोचनाबाईंनी आतापासूनच गाद्या उन्हात टाकल्या आहेत. माझ्यासाठी तिनं कधी उशीसुद्धा उन्हात टाकली नाही.

अकरा फेब्रुवारीला धीरजला जाऊन आठ वर्षं होतील. त्या दिवशी तुम्ही वावरात दिवा लावणार आणि गावासमोर मला शाल देणार, 'माझ्या मुलाजवळ शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस' म्हणून. ते वाक्य मी चारदा वाचलं. मग पत्र घडी करून देवघरात ठेवलं आणि दोन दिवस तिकडे फिरकलोच नाही.

दरवर्षी तुम्ही एकच विचारता: त्याला त्रास झाला का, तो काही बोलला का. आणि दरवर्षी मी लिहितो की विमान पडताक्षणीच प्राण गेला. यंदा तसं लिहवत नाही.

ते विमान विकलं गेलं होतं आणि कलकत्त्याहून पुण्याला नव्या मालकाकडे पोचवून द्यायचं एवढंच धीरजचं काम होतं, हे तुमच्याकडूनच मला नंतर कळलं. नागपूरला तेल भरून तो पुढे निघाला होता. आम्हाला दिसलं ते एवढंच, की दुपारी अडीचच्या सुमारास एक लहानसं पांढरं विमान आवाज न करता खाली येत आहे. कापूस वेचणाऱ्या बायांच्या डोक्यावरून पुढे नेऊन त्यानं ते रूपरावच्या वावरात उतरवलं. तूर निघून गेल्यामुळे वावर मोकळं होतं. चाकं टेकलीसुद्धा. पण पुढे धुरा, म्हणजे वावराचा बांध, आडवा आला आणि विमान पालथं झालं.

मी तेव्हा गावचा पोलीस पाटील. धावत पोचलो. बघता बघता दोनशे माणसं जमली. मी काठी आडवी धरली आणि ओरडलो, "हात नोका लावू कोणी. पंचनामा होऊ द्या पह्यले."

आदल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात मी एक प्रेत बाजूला उचलून ठेवलं होतं. त्यावरून साहेबांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. पाटीलकी जाता जाता राहिली. ते माझ्या डोक्यात होतं. पेट्रोलचा वास येत होता, भडका उडेल म्हणून मी लोकांना थांबवलं, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. वास होता. भीती मात्र मला मागाहून सुचली. खरं सांगतो, एवढी माणसं माझ्या एका शब्दावर मागं उभी होती, याचा मला मोठेपणा वाटत होता. त्याची आज किळस येते.

आतून ठकठक येत होती. पत्रा तापून वाजत असेल, असं मी म्हटलं.

वेचणाऱ्या बायांमधली धुरपता काठीखालून आत शिरली. खिडकीतून एक हात बाहेर आला होता, तो तिनं धरला.

"पाटील, पोरगं जित्तं हाये. बोलून राह्यलं."

"बाजूले हो. तुह्यावर केस येईन."

"येऊ द्या माह्यावर. चार मानसं लावा न त्याले काढा."

"तुले समजत नाई त्यातलं."

मी तिला दंडाला धरून मागं ओढलं. तिच्या हातातून तो हात सुटताना मी पाहिला.

पोलिसांची जीप यायला पावणेदोन तास लागले. तोवर ठकठक थांबली होती. डॉक्टर म्हणाले, छाती दाबली गेली होती, लवकर काढला असता तर वाचला असता की नाही, सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढ्यावर मी आठ वर्षं काढली. पंचनाम्यात 'जागीच मृत्यू' लिहिलं गेलं ते माझ्या सांगण्यावरून, आणि पहिली सही माझी आहे. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण तेही काठीमागं उभे होते.

त्याच वर्षी मी पाटीलकी सोडली. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं.

तुम्ही या. मला शाल नको. तुम्ही हात उगारलात तरी मी मान खाली घालून उभा राहीन. पण आधी धुरपताबाईकडे जा, पाण्याच्या टाकीमागं तिचं घर आहे. तो काय बोलत होता ते तिनं ऐकलं आहे. ती आठ वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं, हक्कही नव्हता. ते बोलणं तुमचं आहे. पूर्ण मिळणार नाही. तो बोलत असतानाच मी तिला ओढलं होतं.

वहिनींना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या मुलाला कोणाचा हात लागू न देणारा,
मधुकर