लायलॅकचा रंग

१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल रविवारी, ९ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझा डोळा लागलेला असताना तू माझ्या लायलॅकच्या, त्या सुवासिक फुलांच्या झुडपाचे शेंडे उडवलेस. म्हणे, वेडंवाकडं दिसत होतं! शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होतास, मान्य. पण टेप लावून झुडूप खिडकीच्या रेषेत कापणारा दुसरा महाभाग मी पाहिलेला नाही.

अरे, वसंतात उमलायच्या कळ्या हे झाड आदल्या उन्हाळ्यातच शेंड्यांवर धरून ठेवतं. सहा वर्षांपूर्वी मी बी पेरलं. बियांपासून वाढवलेल्याचा रंग फुलल्याशिवाय कळत नाही. यंदा पहिल्यांदाच टपोऱ्या कळ्या धरल्या होत्या. कॉन्व्हेंट शाळेतल्या कडक मदरनेसुद्धा माझा एवढा छळ केला नव्हता. वर त्याच फांद्या वाटाण्याच्या वेलांना आधार म्हणून घेऊन गेलास!

वरचे आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. ते तुझ्या बायकोला दे.

ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

इतके दिवस उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. तुझं पत्र वाचून हिने अंगणातल्या गारठ्यातून त्या फांद्या उचलल्या, बुडाशी तिरप्या छाटल्या आणि कोमट पाण्याच्या बादलीत घालून न्हाणीघरात ठेवल्या. रोज पाणी बदलते. मला फिरकू देत नाही, आंघोळीलासुद्धा शेजारी धाडते.

आज सकाळी तिनेच हाका मारल्या. ताई, कळ्या फुगल्यात! गुच्छच्या गुच्छ! एक तर उमलायच्या बेतात आहे. आत रंग आहे, पण तिथल्या पिवळ्या दिव्यात शेड ठरवायला मन धजत नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (या वेळी तुलाही.)

पत्र उभ्यानेच वाचलं. चहा उतू गेला, जाऊ दे! तुझी बायको रत्न आहे. तू तिला कसा मिळालास, देव जाणे.

मी शनिवारी पहिल्या बसने येते आहे. तोवर बादली थंड खोलीत हलव, म्हणजे कळ्या दमाने उमलतील. एखादी आगाऊ उमललीच, तर तिकडे पाठ करून बस. सहा वर्षं वाट मी पाहिली आहे. पहिला वास मी घेणार.

फोन मुळीच करू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, रंग सांगून मोकळा होशील. बादली हलवली की नाही, एवढंच गुरुवारी दुपारच्या टपालाने मिळेल असं मला लेखी कळव.

ताई